दोन ते चार बंद राहणारं दार

लालबागच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावून घेण्याची पद्धत नव्हती. दार लागलेलं दिसलं की आत भांडण आहे, आजारपण आहे किंवा त्याहून वाईट काही आहे, असं समजून शेजारी कडी वाजवत. दुसऱ्या मजल्यावरच्या वसंत घाडीचं दार मात्र रविवार सोडून रोज दुपारी दोन ते चार बंद असे. आत तो एकटाच असे. झोपलेला नसे. भिंतीला पाठ टेकून, कानांवर दोन्ही तळवे ठेवून बसलेला असे. चार वाजले की दार उघडे.

मी त्याच्यापासून दोन दारं सोडून राहत होतो. वर्तमानपत्रात संध्याकाळची पाळी असल्यामुळे दुपारी घरी असे, म्हणून यातलं बरंच काही समोर घडलेलं आहे. उरलेलं त्याच्या शेजारणीने, ताराबाईंनी, आणि बहिणीने, मंदाताईंनी सांगितलं.

वसंत उंच होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कॉलरच्या आतली चिठ्ठी ब्लेडने काढून टाकलेली. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसे, शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे पाहे. भात आणि आमटी वेगवेगळ्या ताटल्यांत घेई आणि आधी भात संपवी. चाळ त्याला टाइमपीस म्हणे, तोंडावरही म्हणे. त्याला त्यात गैर वाटत नसे. "टाइमपीस उपयोगाची वस्तू आहे," असं त्याने एकदा खालच्या मजल्यावरच्या भिवाला समजावून सांगितलं होतं.

एक प्रश्न त्याच्या तोंडी कायम असे. नळाला सहा वाजता पाणी येईल असं कोणी म्हटलं की तो विचारी, "आणि नाही आलं तर?" ऐकणारा म्हणे, येईल रे. तो पुन्हा विचारी, तेवढ्याच आवाजात. लोकांना वाटे तो घाबरतो, म्हणून ते धीर देत. त्याला धीर नको असे, उत्तर हवं असे.

ब्याऐंशीच्या संपाच्या आधी तो गिरणीत फोल्डिंग खात्यात होता, पहिल्या पाळीला. टेबलावरून सरकणाऱ्या कापडातला दोष शोधायचा आणि निळ्या पेन्सिलीने खूण करायची, हे काम. त्याच्या नजरेतून दोष सुटत नसे, त्यामुळे त्याच्या बाकीच्या वागण्याकडे खात्यात कोणी लक्ष दिलं नाही. त्याचा दिवस भोंग्याने बांधलेला होता. संप झाला आणि भोंगा थांबला. त्याच्या आईने, भागीरथीबाईंनी, त्यावर तोड काढली. त्या रोज पहाटे पूर्वीसारखाच डबा भरत. तो डबा घेऊन गिरणीच्या फाटकापर्यंत जाई, संपवाल्यांच्या घोळक्यापासून दहा पावलांवर बसे, पाळी सुटण्याच्या वेळी घरी येई. असे काही महिने गेले.

मग काही गिरण्यांत थोडे लोक पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर जाऊ लागले. नाक्यानाक्यावर संपवाले उभे राहू लागले. त्या दिवसांत पाळीच्या वेळेला हातात डबा दिसणं याचा गिरणगावात एकच अर्थ होता: हा संप फोडून कामावर निघाला. भागीरथीबाईंच्या ते लक्षात आलं नाही. वसंतच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. एका सकाळी नाक्यावरच्या संपवाल्यांनी त्याला अडवलं.

"ए टाइमपीस, डबा घेऊन कुठं?"

"फाटकावर."

"आत जातोस?"

"नाही. फाटक बंद आहे."

"मग डबा कशाला?"

"साडेदहाला जेवायला."

कोणीतरी हसलं. दुसऱ्या कोणीतरी डब्यावर हात मारला. डबा गटारात गेला. वसंत गटाराकडे पाहत उभा राहिला आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली. भिवा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. तो मधे घुसला. "आमच्या चाळीतलो हा तो. सोडा त्याका," म्हणाला, आणि वसंतकडे वळून, "घरी बस रे. संप मिटलो की जा डबो घेवन."

वसंतने विचारलं, "आणि नाही मिटला तर?"

त्या नाक्यावर त्या महिन्यात हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. मग एकाने त्याच्या थोबाडीत मारली. भिवाने त्याला ओढत चाळीत आणलं.

पुढच्या आठवड्यात चाळीतली निम्मी माणसं कोकणात गावी गेली. थोरला भाऊ शशिकांत डोंबिवलीला राहत होता, सरकारी कचेरीत कारकून होता. त्याने ठरवलं की वसंतलाही गावी पाठवायचं. काकाच्या घरी पडवीत त्याची सोय झाली. पडवीला दार नसतं. येणारा-जाणारा थांबे, विचारपूस करी, पोरं खोड्या काढत. वसंत आधी जेवेनासा झाला, नुसती पेज पिऊ लागला. मग बोलेनासा झाला. चार महिन्यांनी भागीरथीबाई एसटीने गेल्या आणि त्याला परत घेऊन आल्या. परत आल्यावर अकराव्या दिवशी तो पहिलं वाक्य बोलला. ताराबाईंना ते पाठ होतं: "नळ अजून सहालाच येतो का?"

गाव म्हणजे काय, हे त्यानंतर त्या घरात कोणाला सांगावं लागलं नाही.

संप मिटला असं कोणी जाहीर केलं नाही. गिरणी उघडली, अर्धी चालली, बंद पडली. भिवाच्या ओळखीने वसंतला परळच्या एका हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत काम मिळालं. धुऊन आलेल्या चादरी बघायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, बाकीच्यांच्या घड्या घालायच्या. सात ते एक. तिथे ट्रॉल्यांचा, बादल्यांचा आणि माणसांचा आवाज असे. तो सहन करून तो दीडला घरी येई, जेवे आणि दोनला दार लावी. ती दोन तासांची सवलत आईने चाळीकडून भांडून मिळवली होती. प्रत्येक दारात जाऊन त्या सांगून आल्या होत्या, दोन ते चार आमच्याकडे कोणी यायचं नाही, मयत असेल तरी चार वाजता सांगा.

भागीरथीबाई निरक्षर होत्या. मुलाच्या वागण्याला त्यांनी नाव दिलं नव्हतं. "ह्याका आधी सांगूक लागता," एवढंच म्हणत. आपण कायमच्या पुरणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी त्याला आपल्या मरणाची तालीम द्यायला सुरुवात केली. हे मी गॅलरीतून दोनदा पाहिलं आहे. त्या मोरीजवळ चटईवर आडव्या होत आणि डोळे मिटत.

"मी मेलंय. आता तू काय करतलंस?"

"तारावहिनीच्या दारावर दोनदा वाजवणार."

"ती घराक नाय."

"भिवाला सांगणार."

"भिवा कामार गेलो हा."

मग तो म्हणे, "मंदाताईच्या शेजाऱ्यांच्या फोनवर फोन."

"आणि मी खरीच मेलंय की निजलंय, ता कसा कळतला?"

"नाकाशी हात."

"धर बघू."

तो हात धरी. तो हात काढीपर्यंत त्या श्वास रोखून ठेवत.

ठरलेलं सगळं तो भिंतीवर लिहून ठेवी, गिरणीतून आणलेल्या निळ्या पेन्सिलीने. डाव्या बाजूला काय करायचं ते, उजव्या बाजूला 'नाहीतर' असं लिहून पुढे दुसरा उपाय. दूध फाटलं तर. रॉकेल संपलं तर. भिंत मोरीपासून खिडकीपर्यंत भरली.

त्या वारल्या तेव्हा पहाट होती. ताराबाईंच्या दारावर दोनदा वाजलं. वसंत बाहेर उभा होता. म्हणाला, "आई गेली. नाकाशी हात धरला. माझं पहिलं काम झालं, दुसरं तुम्ही करायचं आहे." चाळीत बरेच दिवस बोललं गेलं की हा रडला नाही. ताराबाई ते बोलणं तोडून टाकत. तेराव्यापर्यंत तो रोज आईची ताटली धुऊन फळीवर ठेवत होता. चौदाव्या दिवशी ती हातात घेऊन तो त्यांच्याकडे आला. "ही ठेवायची की काढायची? आईने हे सांगितलेलं नाही."

"ठेव," ताराबाई म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं तो एकटा नीट राहिला. दर रविवारी दहा वाजता तो अँटॉप हिलला मंदाताईंच्या सरकारी क्वार्टरमध्ये चालत जाई आणि पाचला परत येई. दाराला आतून-बाहेरून उघडणारं लॅच होतं; त्याची दुसरी किल्ली, चाळीच्या रिवाजाप्रमाणे, शेजारी ताराबाईंकडे असे.

तिसऱ्या दिवाळीला घोटाळा झाला. ताराबाई आणि मजल्यावरच्या तिघींनी ठरवलं की बाईमाणूस नसलेलं घर आहे, सणाला उजळून द्यावं. वसंत कामावर गेल्यावर त्यांनी किल्लीने दार उघडलं, भांडी घासली, फळ्या पुसल्या, सामान नीट लावलं आणि भिंतींना चुना दिला. दीड वाजता वसंत आला. चौघी हातावर चुना घेऊन दारात उभ्या होत्या.

"बघा भाऊजी, कसं लखलखीत झालं."

चपला काढून तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. वाकून त्याने दाराजवळच्या भिंतीला हात लावला. हाताला ओला चुना लागला. तो वळला आणि जिना उतरून गेला. चपला दारातच राहिल्या.

चार वाजता आला नाही, सहाला आला नाही. भिवा नाक्यापर्यंत, मग परळपर्यंत, मग गिरणीच्या बंद फाटकापर्यंत जाऊन आला. मंदाताईंच्या शेजाऱ्यांचा फोन कोणी उचलत नव्हतं. ताराबाई पोलीस चौकीत गेल्या, मी बरोबर होतो. हवालदाराने विचारलं, "वेडसर आहे का?"

"नाही," ताराबाई म्हणाल्या. "वेळेवरचा माणूस आहे."

"मग येईल वेळेवर."

त्या चौकीच्या बाकावर बसून राहिल्या. घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडाने? किल्ली माझ्याकडे होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई दूध आणायला खाली उतरल्या तर इमारतीच्या कट्ट्यावर वसंत बसलेला. पायाच्या तळव्यांना फोड आलेले. आदल्या दुपारपासून तो तिथे होता.

"अरे, वर का नाही आलास?"

"आज शुक्रवार आहे."

"मग?"

"मी रविवारी येतो."

"रविवारपर्यंत इथे बसणार होतास?"

"हो," तो म्हणाला. "घरात काय करायचं ते पुसलं आहे."

त्या रविवारी मंदाताईंच्या घरी बैठक झाली. शशिकांतने सगळं ठरवूनच आणलं होतं. गावी काका आहे, पडवीला आता भिंत घातली आहे, तिथे राहील. शशिकांत वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "उद्या हा गाडीखाली आला तर ओळख पटवायला मला बोलावणार. मंदे, तुला नाही." मंदाताईंनी गावच्या चार महिन्यांची आठवण दिली. शशिकांत म्हणाला, तेव्हा संप होता, सगळ्यांचेच हाल होते. वसंत त्याच्या गुंडीकडे पाहत बसला होता. शेवटी मंदाताईंनी एक महिन्याची मुदत मिळवली. अट शशिकांतची: तो न सांगता कधीही येईल. एकदा जरी गोंधळ दिसला, तर त्याच आठवड्यात गाव.

वसंतने विचारलं, "गोंधळ म्हणजे काय, ते लिहून दे." शशिकांतने दिलं नाही.

या वेळी भिंत भरायला आई नव्हती. वसंतने ते स्वतः केलं, आणि वेगळ्या तऱ्हेने केलं. गिरणीच्या दुकानातून पूर्वी आणलेलं पांढरं कापड फाडून त्याने पट्ट्या केल्या आणि त्यांवर शाईने लिहिलं. सकाळची पट्टी, दुपारची, रविवारची, आजारपणाची. 'घर बदललेलं दिसलं तर' अशी एक नवी पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं: बाहेर जायचं नाही. तारावहिनीच्या घरी बसायचं. कोणत्याही वारी चालतं. प्रत्येक पट्टीच्या चार नकला होत्या. एक ताराबाईंकडे, एक मंदाताईंकडे, एक हॉस्पिटलच्या कपाटात. चौथी माझ्या दारात आणून दिली. "तुम्ही दुपारी घरी असता," तो म्हणाला. मी विचारलं, भिंतीवरच पुन्हा का नाही लिहीत. तो म्हणाला, "भिंत कोणीही धुतं. कापड मी धुतो."

महिन्याचे पहिले आठवडे मजल्यावर कोणी मोठ्याने बोललं नाही. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की बायका गॅलरीत येत. एका सकाळी पाणी आलं नाही. सगळ्या मजल्याने वसंतच्या दाराकडे पाहिलं. तो पट्टी वाचून बादली घेऊन भिवाकडच्या पिंपाशी गेला. ताराबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, त्या पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

शशिकांत तिसऱ्या आठवड्यात आला, मंगळवारी, दुपारी पावणेतीनला.

त्याने कडी वाजवली. मग दार वाजवलं. मग हाक मारली. आतून काही नाही. मी बाहेर आलो तेव्हा ताराबाई आपल्या दारात होत्या आणि अख्खा मजला गॅलरीत होता.

"वहिनी, किल्ली द्या."

"चार वाजता उघडेल तो. बसा ना, चहा टाकते."

"मी त्याचा भाऊ आहे. तो आत पडला असेल तर?"

"पडला नाही. बसलाय."

"तुम्हाला काय दिसतंय भिंतीतून? किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," ताराबाई म्हणाल्या. "देणार नाही."

शशिकांतचा आवाज चढला. "म्हणजे असाच गोंधळ चालतो इथे. ठीक आहे. उद्या गाडी आणतो."

"आणा," ताराबाई म्हणाल्या. त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर होता. "एकदा उघडलंय मी हे दार, त्याचं भलं करायला. पुन्हा नाही उघडणार."

शशिकांत दाराकडे वळला आणि हाताने ठोकत ओरडला, "वश्या, आग लागली तरी नाही उघडणार का?"

मग आतून आवाज आला, नेहमीसारखाच. "आग लागली का?"

शशिकांतने ताराबाईंकडे पाहिलं.

"दादा, आग लागली का?"

"नाही."

"मग चार वाजता."

कोपऱ्यातली एक म्हातारी हसली. शशिकांत हसला नाही. पण तो गेलाही नाही. ताराबाईंनी ठेवलेल्या स्टुलावर तो सव्वा तास बसला, समोरच्या दाराकडे पाहत. चहा घेतला नाही. चारला आतून लॅच फिरलं. वसंतने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाला. शशिकांतने आत जाऊन स्टोव्ह पाहिला, पाण्याचं पिंप पाहिलं, दोरीवरच्या पट्ट्या एक एक करून वाचल्या. एका पट्टीशी तो थांबला. तिच्यावर लिहिलं होतं, 'दादा आला तर': चहा, साखर कमी. भांडला तर उत्तर एकदाच द्यायचं. उपाशी जाऊ द्यायचा नाही.

ही पट्टी माझ्याकडेही होती. मी ती तोवर वाचली नव्हती.

तो जेवून गेला. जिन्यावर ताराबाईंना म्हणाला, "गावी याला दोन ते चार दार कोण लावू देणार, हेच बसल्या बसल्या आठवत होतो. कोणी सापडेना." गाडी आली नाही. पण मुदत संपली, आता राहा, असंही त्याने कधी सांगितलं नाही. गावचा विषय पुढची बरीच वर्षं तसाच लटकत राहिला.

मधल्या काळात एकदा दाढ दुखते म्हणून मंदाताईंनी त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दाढेपेक्षा त्याच्याच बोलण्याकडे जास्त लक्ष दिलं आणि दुसऱ्या विभागात पाठवलं. तिथे ऑटिझम हा शब्द मिळाला. वसंत तेव्हा पन्नाशीला आला होता. त्याने विचारलं, "यावर काय करायचं?" डॉक्टर पट्ट्यांची नक्कल वाचत होते. म्हणाले, "तुम्ही जे करताय तेच. मी फार तर एखादी ओळ वाढवीन." त्यांनी लिहून दिलेली ओळ तो खिशात ठेवू लागला: मला ऑटिझम आहे, आवाजाचा त्रास होतो, उत्तराला वेळ द्या. भिवाला ती दाखवली. भिवा चष्मा लावून वाचून म्हणाला, "ह्या आमका ठावक होता रे. नाव नव्हता फक्त."

मग चाळ बिल्डरकडे गेली. नवी इमारत होईपर्यंत सगळ्यांची सोय शीव कोळीवाड्याच्या अलीकडे संक्रमण शिबिरात होणार होती. ताराबाई मुलाकडे जाणार होत्या, मी दुसरीकडे भाड्याने. शशिकांतने पुन्हा विषय काढला: नवी जागा, नवे शेजारी, निम्म्या आयुष्याची घडी मोडणार, आता तरी गाव. या वेळी त्याने तो मंदाताईंकडे काढला नाही. थेट वसंतला विचारलं. वसंत म्हणाला, "मी बघून सांगतो." पुढचा सव्वा महिना तो रोज चारनंतर लालबागहून त्या शिबिरापर्यंत चालत गेला आणि परत आला. आपल्याला मिळणाऱ्या खोलीसमोर पंधरा मिनिटं उभा राहिला. दोन्ही बाजूंच्या घरांत कोण राहतं, नळ कुठे आहे, कुत्री कधी भुंकतात, लिहून काढलं. मग भावाला फोन केला. "जमेल. दोन ते चारचं बोललो आहे. एक घर हो म्हणालं, एक बघू म्हणालं."

हलवाहलवीच्या दिवशी मी निरोप द्यायला खाली उतरलो होतो. सामान टेम्पोत चढलं होतं. पट्ट्या एका ट्रंकेत सगळ्यांत वर होत्या. मंदाताई ड्रायव्हरशेजारी बसल्या. शशिकांत आता निवृत्त झाला होता, गुडघ्याने अधू होता. मागे सामानात बसकण मारून त्याने हात पुढे केला.

"चल, चढ."

"मी चालत येणार."

"अरे, आजच्या दिवस बस ना टेम्पोत."

"टेम्पोने मी गेलेलो नाही. चालत अडतीस वेळा गेलोय."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. वसंतने कानांवर हात ठेवले, हॉर्न थांबेपर्यंत ठेवले, मग काढले आणि चालू लागला. शशिकांतने मंदाताईंना हाक मारून सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. टेम्पोच्या फळीला धरून तो हळूहळू खाली उतरला.

मी नाक्यापर्यंत पाहू शकलो. वसंत फुटपाथच्या आतल्या कडेने चालला होता, बाह्या दुमडलेल्या, नजर समोर. शशिकांत दहाएक पावलं मागे होता, लंगडत. सिग्नलपाशी वसंत थांबला. पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा होता, माणसं दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडत होती. तो मागे वळला नाही, पण पुढेही गेला नाही. शशिकांत येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला, दोन-तीन श्वास घेतले, काहीतरी बोलला. मग दिवा लाल झाला, आणि ते दोघे पुन्हा हिरवा होण्याची वाट पाहत उभे राहिले.